कृष्णविवरांचे क्ष-किरण वर्णपट : अवस्था, प्रतिमान आणि प्रमाण

१

तारकीय वस्तुमानाच्या कृष्णविवरांविषयी गेल्या अर्धशतकात जे ज्ञान संचित झाले आहे, त्याचा फार मोठा भाग क्ष-किरणांच्या वर्णपटांवरून काढलेल्या अनुमानांचा आहे. कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या सोबतच्या ताऱ्याकडून ओढले जाणारे द्रव्य चकतीच्या रूपाने त्याच्याभोवती फिरत आत जाते, तापते आणि क्ष-किरण उत्सर्जित करते. या किरणांचा वर्णपट स्थिर नसतो. आठवड्या-दोन आठवड्यांत, कधी काही तासांतही, तो ओळखू न येण्याइतका पालटतो. या पालटाचे वर्गीकरण करणे, त्याचे कारण शोधणे आणि त्यावरून कृष्णविवराचे गुणधर्म ठरविणे, अशी तीन कार्ये या शाखेने अंगीकारली आहेत. ही तिन्ही कार्ये एकमेकांहून भिन्न आहेत आणि त्यांची प्रमाणेही भिन्न आहेत. परंतु या विषयावरील वाङ्मय वाचताना असे दिसून येते की, पहिल्या कार्यातील सोयीचा संकेत दुसऱ्या कार्यात कारण म्हणून वावरू लागतो आणि तिसऱ्या कार्यात त्याला मापनाची प्रतिष्ठा प्राप्त होते. ही सरमिसळ कोठे व कशी होते, तिच्यामुळे कोणते निष्कर्ष संशयास्पद ठरतात आणि कोणते निष्कर्ष तिच्यातूनही अबाधित राहतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रारंभ अवस्थांच्या नावांपासून करणे युक्त होईल. हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-१ हा उद्गम १९६४ मधील अग्निबाण-उड्डाणात सापडला. परंतु त्याच्या वर्णपटातील पालटाचा निर्णायक पुरावा डिसेंबर १९७० मध्ये सोडलेल्या उहुरू या उपग्रहाने दिला. मार्च-एप्रिल १९७१ च्या सुमारास या उद्गमाची २ ते ६ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट या पट्ट्यातील तीव्रता सुमारे चौपटीने घटली, १० ते २० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमधील तीव्रता सुमारे दुपटीने वाढली आणि त्याच सुमारास त्या जागी एक रेडिओ-उद्गम प्रकट झाला. टॅननबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. हा रेडिओ-उद्गम आणि क्ष-किरण-उद्गम एकच होत, हे दोहोंच्या एककालिक पालटावरून निश्चित झाले. रेडिओ-उद्गमाच्या अचूक स्थानावरून एचडीई २२६८६८ या ताऱ्याकडे बोट दाखविता आले. आणि त्या ताऱ्याच्या ५.६ दिवसांच्या कक्षीय गतीवरून त्याचा अदृश्य सोबती न्यूट्रॉन ताऱ्याच्या मानाने फार जड असल्याचे दिसून आले. म्हणजे पहिल्या कृष्णविवराच्या ओळखीच्या मुळाशीच वर्णपटाचा पालट आहे. ही गोष्ट पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

या पालटाला जी नावे मिळाली ती मात्र तितकी निर्दोष नव्हती. २ ते ६ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये तेजस्वी दिसणाऱ्या स्थितीला ‘उच्च’ आणि मंद दिसणाऱ्या स्थितीला ‘नीच’ अवस्था म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः तथाकथित नीच अवस्थेत उद्गम मंद नसतो. त्याची ऊर्जा उच्च ऊर्जेच्या पट्ट्यात, शंभर किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, एकवटलेली असते. सिग्नस एक्स-१ चे एकूण तेज या दोन स्थितींत त्या मानाने फारच थोडे बदलते. ‘उच्च’ व ‘नीच’ हे भेद उद्गमाचे नव्हते, ते उपकरणाच्या झरोक्याचे होते. पुढे ही नावे मागे पडून ‘मृदू’ व ‘कठीण’ ही नावे रूढ झाली. मृदू अवस्थेत सुमारे एक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमानाच्या, म्हणजे सुमारे एक कोटी केल्व्हिनच्या, चकतीचे औष्णिक उत्सर्जन प्रबळ असते; कठीण अवस्थेत घात-नियमाने उतरत जाणारे आणि शंभर किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास संपणारे उत्सर्जन प्रबळ असते. चकतीतील मृदू फोटॉनांचे अतितप्त इलेक्ट्रॉनांच्या प्रभामंडलात वारंवार कॉम्प्टन प्रकीर्णन होऊन हे दुसरे उत्सर्जन निर्माण होते, हे मत सुन्याएव व टिटार्चुक यांच्या १९८० मधील विवेचनानंतर सर्वमान्य झाले आहे.

रेमिलार्ड व मॅक्लिंटॉक यांनी २००६ मधील आपल्या समीक्षालेखात या अवस्थांना संख्यात्मक मर्यादा घालून दिल्या. २ ते २० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमधील प्रवाहापैकी ७५ टक्क्यांहून अधिक वाटा चकतीचा असेल तर औष्णिक अवस्था. २० टक्क्यांहून कमी असेल आणि घात-नियमाचा निर्देशांक १.४ ते २.१ या दरम्यान असेल तर कठीण अवस्था. त्यांच्या जोडीला प्रवाहातील चढउतारांच्या प्रमाणाच्या अटी. या व्याख्यांमुळे निरनिराळ्या संशोधकांची भाषा एक झाली, हे त्यांचे मोठेच श्रेय होय. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, ७५ व २० या संख्या निसर्गाने आखलेल्या रेषा नव्हेत, तो संकेत आहे. दुसरी व अधिक महत्त्वाची अशी की, ‘चकतीचा वाटा’ ही निरीक्षित राशी नाही. उपकरण मोजते ते फोटॉन. त्यांपैकी चकतीचे किती व प्रभामंडलाचे किती, हे ठरते ते वर्णपटाला लावलेल्या प्रतिमानावरून. घात-नियमाची रेषा खालच्या ऊर्जेपर्यंत तशीच सरळ ओढली तर चकतीचा वाटा कमी भरतो; प्रकीर्णनाच्या नियमाप्रमाणे ती चकतीच्या तापमानापाशी वळविली तर तो वाढतो. तात्पर्य, अवस्थेची व्याख्याच प्रतिमानसापेक्ष आहे. वर्गीकरणापुरता हा दोष क्षम्य आहे. परंतु त्या वर्गीकरणाच्या चाळणीतून निवडलेले वर्णपट जेव्हा त्याच जातीच्या प्रतिमानाचा पुरावा म्हणून पुढे येतात, तेव्हा तो क्षम्य राहत नाही.

३

अवस्था का पालटते, या प्रश्नाचे सर्वांत सुबोध उत्तर एसिन, मॅक्लिंटॉक व नारायण यांनी १९९७ मध्ये दिले. द्रव्यसंचयाचा दर अधिक असता पातळ, शीत चकती थेट सर्वांत आतील स्थिर कक्षेपर्यंत पोहोचते आणि वर्णपट मृदू होतो; दर कमी होत गेला की चकतीचा आतील भाग विरून त्याच्या जागी विरळ, अतितप्त आणि किरणोत्सर्जनात दुर्बळ असा प्रवाह येतो, चकती दूरवर खंडित होते आणि वर्णपट कठीण होतो. एकाच राशीने, संचयदराने, सर्व अवस्थांचा क्रम लावून देणारे हे चित्र मोहक होते आणि नोव्हा मस्की १९९१ या उद्गमाच्या उतरत्या तेजाशी ते चांगले जुळविता आले.

परंतु पुरावा या चित्रापुरता मर्यादित राहिला नाही. मियामोटो व सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच दाखविले होते की, तेज चढत असताना कठीण अवस्थेतून मृदू अवस्थेकडे होणारा पालट आणि तेज उतरत असताना होणारा उलट पालट एकाच तेजाला होत नाहीत. चढताना उद्गम कठीण अवस्थेतच पुष्कळ तेजस्वी होतो आणि मग पालटतो. उतरताना मात्र तो एडिंग्टन मर्यादेच्या अवघ्या काही टक्क्यांपर्यंत खाली येऊन पालटतो. लोहाच्या चुंबकनात जसे मंदायन दिसते तसेच हे मंदायन होय. कठीणता व तीव्रता यांच्या आलेखावर उद्गम एकाच रेषेने वर-खाली न जाता एक मोठा वळसा घेतो. होमन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक्सटीई जे१५५०-५६४ या उद्गमाच्या अभ्यासावरून स्पष्टच म्हटले की, संचयदराखेरीज दुसरी एखादी राशी मानल्याशिवाय या निरीक्षणांचा उलगडा होत नाही.

ही दुसरी राशी कोणती, याविषयी एकमत झालेले नाही. चुंबकीय क्षेत्राचा इतिहास, चकतीचे विस्तारमान, प्रभामंडलाने चकतीचे केलेले बाष्पीभवन, अशी अनेक उत्तरे सुचविली गेली. येथे लक्षात घेण्याजोगा मुद्दा वेगळाच आहे. एका राशीचे चित्र खोटे ठरले ते कोणत्याही एका वर्णपटामुळे नव्हे. चढत्या व उतरत्या मार्गावरील एकेक वर्णपट स्वतंत्रपणे घेतला असता त्या चित्राशी जुळविता येण्याजोगाच होता. त्यांचा क्रम मांडल्यावरच विसंगती उघड झाली. वर्णपटातील पालट हा स्वतःच एक पुरावा आहे आणि एकेकट्या वर्णपटाच्या पुराव्याहून तो बळकट आहे, हा या प्रकरणाचा बोध होय.

४

आता मापनाकडे वळावे. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे कृष्णविवराचे पूर्ण वर्णन वस्तुमान व परिवलन या दोन राशींनी होते. परिवलन शून्य असेल तर सर्वांत आतील स्थिर वर्तुळाकार कक्षेची त्रिज्या गुरुत्वीय त्रिज्येच्या सहापट असते. परिवलन कमाल असेल आणि चकती त्याच दिशेने फिरत असेल तर ती एकपटीपर्यंत उतरते. दहा सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी हा फरक सुमारे ९० किलोमीटर आणि १५ किलोमीटर यांमधील आहे. चकतीची आतील कडा या कक्षेवर असते असे मानले, तर त्या कडेची त्रिज्या मोजणे म्हणजेच परिवलन मोजणे ठरते. झांग, त्सुई व चेन यांनी १९९७ मध्ये हा मार्ग दाखविला आणि मॅक्लिंटॉक, नारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून तो पद्धतशीरपणे अवलंबिला. मृदू अवस्थेतील वर्णपटावरून चकतीचे तापमान व प्रवाह मिळतो. अंतर व कल ठाऊक असले की त्यांवरून त्रिज्या मिळते. वस्तुमान ठाऊक असले की त्रिज्येवरून परिवलन मिळते.

या पद्धतीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा एलएमसी एक्स-३ या उद्गमाचा आहे. स्टाइनर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २६ वर्षांतील, निरनिराळ्या मोहिमांतून मिळालेली निरीक्षणे एकत्र करून दाखविले की, तेज पुष्कळ बदलूनही चकतीच्या आतील कडेची त्रिज्या काही टक्क्यांच्या आत स्थिर राहते. तेज बदलले तरी जी त्रिज्या बदलत नाही, ती अवकाश-कालाच्या भूमितीने ठरविलेली असावी, हा तर्क सबळ आहे. येथेही पुरावा एका वर्णपटाचा नसून पालटाचा, किंवा पालटातही न पालटणाऱ्या राशीचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

परंतु या तर्काने सिद्ध होते ते त्रिज्येचे स्थैर्य. तिचे मूल्य त्याने सिद्ध होत नाही. चकतीच्या वातावरणातील प्रकीर्णनामुळे तिचा रंग तिच्या खऱ्या तापमानाहून अधिक तप्त दिसतो. ही तफावत एका गुणकाने दुरुस्त केली जाते आणि त्या गुणकाचे मूल्य शिमुरा व ताकाहारा यांच्या १९९५ मधील गणनेनुसार १.७ च्या आसपास घेतले जाते. काढलेली त्रिज्या या गुणकाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गुणक १.७ ऐवजी २ असेल तर त्रिज्या सुमारे ३८ टक्क्यांनी वाढेल. सर्व निरीक्षणांत गुणक सारखाच चुकीचा असेल, तर त्रिज्या स्थिर दिसेल आणि तरीही चुकीची असेल. स्थैर्य हे यथार्थतेचे आवश्यक लक्षण होय, पुरेसे नव्हे. या दोहोंमधील भेद या विषयावरील अनेक लेखांत धूसर झालेला आढळतो.

सिग्नस एक्स-१ चे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. २०११ मध्ये त्याचे अंतर १.८६ किलोपार्सेक व वस्तुमान सुमारे १४.८ सूर्यवस्तुमाने धरून परिवलन कमाल मूल्याच्या ९५ टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले. २०२१ मध्ये मिलर-जोन्स व सहकाऱ्यांनी रेडिओ निरीक्षणांवरून अंतर सुधारून २.२२ किलोपार्सेक व वस्तुमान सुमारे २१.२ सूर्यवस्तुमाने असे निश्चित केले. अंतर सुमारे १९ टक्क्यांनी वाढले म्हणून त्रिज्याही तितकीच वाढली. परंतु वस्तुमान सुमारे ४३ टक्क्यांनी वाढल्यामुळे गुरुत्वीय त्रिज्येच्या मापात ती घटली. परिणामी परिवलनाची खालची मर्यादा ०.९९८५ पर्यंत जाऊन पोहोचली. एवढी मोठी दुरुस्ती होऊनही निष्कर्ष तोच राहिला, असे यावर म्हटले गेले. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. निष्कर्ष कमाल मर्यादेला टेकलेला होता आणि दुरुस्तीने तो त्याच दिशेला ढकलला गेला. भिंतीला टेकलेली वस्तू भिंतीकडे ढकलली असता हलत नाही, यावरून ती स्थिर आहे असे ठरत नाही.

५

परिवलन मोजण्याचा दुसरा मार्ग लोहाच्या रेषेचा आहे. प्रभामंडलातील कठीण किरण चकतीवर पडले की तिच्यातील लोह ६.४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास प्रतिदीप्त होते. कृष्णविवराजवळील प्रचंड वेग व गुरुत्वाकर्षण यांमुळे ही अरुंद रेषा रुंदावते आणि कमी ऊर्जेच्या बाजूस तिला लांब शेपटी फुटते. शेपटी जितकी लांब तितकी चकती आत पोहोचलेली. या पद्धतीला अंतर किंवा वस्तुमान यांची आवश्यकता नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तिचा दोष असा की, शेपटी कोठे संपते हे तिच्याखालील अखंड वर्णपट कसा मानला यावर अवलंबून असते.

जीएक्स ३३९-४ या उद्गमाविषयीचा वाद हा या दोषाचा नमुना होय. २००६ मध्ये मिलर व सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन या वेधशाळेने घेतलेल्या कठीण अवस्थेतील वर्णपटात रुंद लोहरेषा दाखवून, या अवस्थेतही चकती सर्वांत आतील कक्षेपर्यंत पोहोचलेली असते असे प्रतिपादन केले. तसे असेल तर खंडित चकतीचे सारे चित्रच कोसळते. २०१० मध्ये डन व दियाझ त्रिगो यांनी दाखविले की, त्या निरीक्षणात उद्गम इतका तेजस्वी होता की शोधकाच्या एकाच बिंदूवर एकाच क्षणी पडलेले दोन फोटॉन अधिक ऊर्जेचा एक फोटॉन म्हणून मोजले गेले होते. वेगळ्या रीतीने चालविलेल्या दुसऱ्या शोधकावर हीच रेषा अरुंद दिसते. त्याच वर्षी मिलर व सहकाऱ्यांनी उलट प्रतिपादन केले की, अशा दोषाने रेषा रुंदावत नाही, अरुंदच होते. दोन्ही पक्ष कुशल होते. दोघांपुढे त्याच रात्रीचे फोटॉन होते. कृष्णविवराच्या भूमितीविषयीचा वाद अखेर शोधकाच्या वर्तनाविषयीच्या वादावर येऊन ठेपला. २०१२ मध्ये सोडलेल्या नुस्टार या दुर्बिणीचे शोधक या दोषापासून मुक्त असल्यामुळे तो वाद शमला. परंतु मूळ वाद मिटला नाही, कारण अखंड वर्णपटाची निवड हा प्रश्न तसाच राहिला.

प्रतिमानातील आणखी एका राशीकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही. परावर्तित वर्णपटांच्या जुळणीतून चकतीतील लोहाचे प्रमाण वारंवार सूर्यातील प्रमाणाच्या अनेकपट निघत असे. इतके लोह या ताऱ्यांत येण्याचे कारण कोणालाही समाधानकारकपणे सांगता आले नव्हते. दोष प्रतिमानाच्या एका गृहीतकात होता. प्रचलित कोष्टके प्रति घन सेंटीमीटर १०^१५ कणांच्या घनतेसाठी तयार केलेली होती; ती महाकाय कृष्णविवरांच्या चकत्यांना शोभणारी असली तरी तारकीय वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या चकत्या तिच्या कितीतरी पट घन असतात. २०१८ मध्ये टॉमसिक व सहकाऱ्यांनी सिग्नस एक्स-१ साठी मोठी घनता घेतली, तेव्हा सूर्याइतक्याच लोहावर वर्णपट जुळविता आला. असंभाव्य मूल्य हा प्रतिमानाने दिलेला इशारा असतो. जुळणीचा निकष उत्तम असला म्हणून त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे शास्त्रीय नव्हे.

या सर्वांचा एकत्रित परिणाम पाहावयाचा असेल तर जीआरओ जे१६५५-४० हा उद्गम पाहावा. २००६ मध्ये शफी व सहकाऱ्यांनी चकतीच्या औष्णिक वर्णपटावरून त्याचे परिवलन ०.६५ ते ०.७५ ठरविले. २००९ मध्ये लोहरेषेवरून ते ०.९ हून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये मोट्टा व सहकाऱ्यांनी तीव्रतेतील आवर्ती कंपनांवरून ते ०.२९० असल्याचे आणि त्यातील अनिश्चितता अवघी ०.००३ असल्याचे सांगितले. कृष्णविवर एकच, परिवलन तीन, आणि दिलेल्या अनिश्चिततांत या तिन्ही मूल्यांचा कोठेही संगम नाही. या ठिकाणी दिलेली अनिश्चितता ही मोजणीतील संख्याशास्त्रीय अनिश्चितता आहे; प्रतिमान खोटे असण्याची शक्यता तिच्यात धरलेली नाही. ती तिच्यात धरता येत नाही, हे मान्य करूनही, वाचकाला ती पूर्ण अनिश्चितता आहे असे वाटू देणे योग्य म्हणता येणार नाही.

६

झ्जार्स्की व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये सिग्नस एक्स-१ विषयी केलेले विवेचन या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. मृदू अवस्थेतील त्याच निरीक्षणांना त्यांनी दोन प्रतिमाने लावली. पहिल्यात चकती प्रमाण सिद्धान्ताप्रमाणे होती, परिवलन ०.९८६ निघाले. दुसऱ्यात चकतीवर एक कोमट, परंतु अपारदर्शक असा प्रकीर्णक थर मानला होता, परिवलन ०.०४ निघाले आणि त्याची अनिश्चितता सुमारे ०.२६ होती. थर मानला की निरीक्षित रंगातील तप्ततेचा काही भाग थराचा ठरतो, खालची चकती अधिक शीत ठरते, म्हणून तिची त्रिज्या वाढते आणि परिवलन घटते. थराची कल्पना जुळणीपुरती काढलेली नव्हे. प्रमाण सिद्धान्ताप्रमाणे या तेजाला चकतीचा आतील भाग अस्थिर असावयास हवा, आणि तो तसा दिसत नाही, ही अडचण जुनीच आहे. अशा थरांचे पुरावे इतर उद्गमांतही मिळाले आहेत. तरीही थर आहेच, असे या विवेचनाने सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, आजची निरीक्षणे कमाल परिवलन व जवळजवळ शून्य परिवलन यांत निवड करण्यास स्वतःहून समर्थ नाहीत.

हा प्रश्न केवळ एका संख्येचा नाही. सप्टेंबर २०१५ पासून गुरुत्वीय लहरींच्या द्वारे कृष्णविवरांच्या जोड्यांची विलीनीकरणे टिपली जात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जोड्यांत कक्षेच्या दिशेने असलेले परिवलन लहान आढळले आहे. क्ष-किरण उद्गमांतील परिवलने मात्र मोठी असल्याची नोंद आहे. यावरून या दोन जातींची कृष्णविवरे निरनिराळ्या रीतीने जन्मतात, ताऱ्यांच्या गाभ्यातील कोनीय संवेग निरनिराळ्या प्रकारे वाहून जातो, असे निष्कर्ष काढले जात आहेत. निष्कर्ष खरेही असतील. परंतु त्यांच्या पायातील एक दगड जर वर्णपटाच्या जुळणीचा असेल आणि तो दगड थर मानल्याने वा न मानल्याने हलत असेल, तर त्यावर ताऱ्यांच्या उत्क्रांतीची इमारत चढविण्यापूर्वी तो तपासणे अगत्याचे आहे. ताऱ्यांच्या गाभ्यांविषयी गणन करणारा संशोधक क्ष-किरणांचा अभ्यासक असेलच असे नाही. त्याच्यापुढे कोष्टकातील संख्या येते, तिच्यामागील गृहीतके येत नाहीत. परिवलनांची कोष्टके प्रसिद्ध करणाऱ्यांची जबाबदारी म्हणूनच मोठी आहे.

७

या कोंडीतून मार्ग आहे काय? जुळणीची साधने अधिक सूक्ष्म करून तो सापडेल, असे दिसत नाही. कारण उणीव सूक्ष्मतेची नाही. एकाच वक्रातून ज्या राशी वेगळ्या काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी दुसऱ्या जातीचे निरीक्षण लागते. असे निरीक्षण दोन दिशांनी मिळू लागले आहे.

पहिली दिशा काळाची. प्रभामंडलातील चढउताराचा प्रतिध्वनी चकतीवरून किती विलंबाने येतो, हे मोजले असता दोहोंमधील अंतर कळते. २०१८ मध्ये प्रकट झालेल्या मॅक्सी जे१८२०+०७० या उद्गमाची आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरील नायसर या उपकरणाने घेतलेली निरीक्षणे कारा व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. कठीण अवस्थेच्या काळात विलंब घटत गेला, परंतु लोहरेषेचा आकार फारसा बदलला नाही. यावरून चकतीची कडा सरकत नसून प्रभामंडलच आकसत आहे, असा अर्थ त्यांनी लावला. इतर संशोधकांनी याच उद्गमात खंडित चकतीची चिन्हे दाखविली आहेत, म्हणजे वाद येथेही संपलेला नाही. परंतु तो आता दोन स्वतंत्र राशींच्या आधाराने चालला आहे, ही प्रगती होय.

भारतीय संशोधनाचा वाटाही याच दिशेने आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण आणि मोठ्या क्षेत्रफळाचे प्रमाणित गणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्ध झाले. एकाच वेळी विस्तृत पट्ट्यातील वर्णपट आणि सूक्ष्म कालमापन मिळणे हा त्यांचा विशेष. पुण्याच्या आयुका या संस्थेतील व इतर संस्थांतील अभ्यासकांनी २०२० मध्ये जीआरएस १९१५+१०५ या उद्गमाच्या निरीक्षणांत वर्णपटावरून चकतीच्या कडेची त्रिज्या आणि त्याच वेळी कंपनाची वारंवारता मोजून, या दोहोंतील संबंध सापेक्षतेच्या सिद्धान्ताने अपेक्षित अशा गतिकीय वारंवारतेशी जुळतो, असे दाखविले. येथे प्रमाण आहे ते एका वर्णपटाचे नसून, वर्णपट पालटत असताना दोन राशी एकमेकींशी राखीत असलेल्या नात्याचे आहे.

दुसरी दिशा ध्रुवणाची. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या आयएक्सपीई या उपग्रहाने मे २०२२ मध्ये सिग्नस एक्स-१ च्या कठीण अवस्थेचे निरीक्षण केले. २ ते ८ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये ध्रुवण सुमारे ४ टक्के आढळले आणि त्याची दिशा रेडिओ-झोताच्या दिशेशी समांतर होती. यावरून प्रभामंडल झोताच्या अक्षावर टांगलेला एखादा दिवा नसून चकतीच्या प्रतलात पसरलेले आहे, असे ठरते. अक्षावरील दिव्याचे प्रतिमान लोहरेषेच्या जुळणीत वर्षानुवर्षे सोयीसाठी वापरले गेले होते आणि वर्णपटांनी त्याला कधी ठामपणे नाकारले नव्हते. ध्रुवणाच्या एका निरीक्षणाने, निदान या उद्गमापुरते, ते काम केले. शिवाय कक्षेच्या सुमारे २७ अंशांच्या कलाला शोभेल त्याहून हे ध्रुवण अधिक आहे. चकतीचा आतील भाग कक्षेच्या प्रतलात नसून अधिक कललेला असावा, असा एक अर्थ त्यातून निघतो. आणि तो खरा असेल तर औष्णिक पद्धतीत कक्षेचा कल चकतीचा म्हणून वापरण्याचे गृहीतकही पुन्हा तपासावे लागेल.

८

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व खगोलशास्त्र अनुमानाचेच आहे. ताऱ्याचे तापमान किंवा आकाशगंगेचे अंतरही कोणी हाताने मोजीत नाही. मग कृष्णविवरांच्या वर्णपटांनाच हा कठोर नियम का लावावा? आक्षेप विचारार्ह आहे. त्याचे उत्तर असे की, अनुमानाला दोष दिलेला नाही. ताऱ्याच्या तापमानाचे अनुमान अनेक स्वतंत्र मार्गांनी एकाच ठिकाणी पोहोचते, म्हणून ते ज्ञान होते. परिवलनाच्या बाबतीत स्वतंत्र मार्ग निरनिराळ्या ठिकाणी पोहोचतात. आणि जेथे ते एकत्र येतात तेथेही त्यांची काही गृहीतके समान असतात. चकतीची कडा सर्वांत आतील कक्षेवर असते, हे गृहीतक औष्णिक पद्धतीत आहे, तसेच लोहरेषेच्या पद्धतीतही आहे. समान गृहीतकावर उभ्या असलेल्या दोन साक्षींचे ऐक्य हे त्या गृहीतकाचे प्रमाण ठरत नाही.

या चिकित्सेतून तीन अपेक्षा निष्पन्न होतात. परिवलनाचे मूल्य प्रतिमानाच्या नावासह आणि निदान एका पर्यायी प्रतिमानाच्या मूल्यासह दिले जावे. वर्णपटांची निवड ज्या निकषाने केली, तो निकष तपासावयाच्या प्रतिमानापासून शक्य तितका स्वतंत्र असावा. आणि एका वर्णपटापेक्षा वर्णपटांच्या मालिकेला, तसेच वर्णपटाबरोबर काळ किंवा ध्रुवण यांसारख्या दुसऱ्या राशीला, अधिक वजन दिले जावे. पदव्युत्तर विद्यार्थी जेव्हा तयार संगणकीय आज्ञावलीत प्रतिमानाचे नाव लिहून जुळणीचा उत्तम आकडा मिळवितो, तेव्हा त्याचे काम संपत नाही. तो आकडा आणखी कोणत्या प्रतिमानाला मिळाला असता, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

सिग्नस एक्स-१ ची ओळख पटली ती १९७१ मध्ये त्याचा वर्णपट पालटला आणि त्याच वेळी दुसऱ्या जातीच्या निरीक्षणात रेडिओ-उद्गम उजळला म्हणून. एका निरीक्षणातील पालटाला दुसऱ्या निरीक्षणाने दिलेली ती साक्ष होती. त्यानंतरच्या काळात साधने शतपटीने सुधारली, प्रतिमाने सूक्ष्म झाली आणि जुळणीच्या कलेने मोठी उंची गाठली; परंतु या शाखेच्या जन्मकाळी जी विचारपद्धती सहजपणे उपयोगात आली, तिच्याहून विश्वसनीय अशी दुसरी पद्धती अद्याप तिच्या हाती आलेली नाही.